नवा पाहुणा आणि अंतराचा वर्ग

दुकानातून आणलेला बजरीगर पिंजऱ्यात सोडला, की तो बहुधा एका टोकाच्या दांडीवर जाऊन बसतो. पिसे अंगाशी चापून बसलेली, मान ताठ, अंग सडपातळ झालेले आणि हालचाल जवळजवळ शून्य. घरातील मंडळी कौतुकाने म्हणतात, "किती शांत आहे हो!" मग कोणीतरी पिंजऱ्यात हात घालतो. पक्षी तरीही हलत नाही. पाखरू पहिल्याच दिवशी माणसाळले, अशी सर्वांची समजूत होते.

ही समजूत चुकीची आहे आणि पुष्कळदा ती पक्ष्याच्या जिवावर बेतते. भक्षकाची नजर चुकवण्यासाठी निश्चल होणे ही लहान पक्ष्यांची उपजत युक्ती आहे. असा गोठून बसलेला पक्षी शांत नसतो, तो अतिशय घाबरलेला असतो. घाबरलेला पक्षी खात नाही, आणि मूठभर वजनाचा जीव उपाशी फार काळ तग धरू शकत नाही. म्हणून नवा पक्षी घरी आला, की दोन प्रश्नांची उत्तरे क्रमाने शोधावी लागतात. पहिला, तो जगेल कसा? दुसरा, त्याची भीती जाईल कशी? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात भूमितीचा एक साधा नियम दडलेला आहे. इयत्ता नववी-दहावीचा कोणताही विद्यार्थी तो स्वतः मांडू शकेल.

दोन पाहुणे, दोन स्वभाव

बजरीगर हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील लहान पोपट. तेथे तो पाणी आणि गवताचे बी शोधत मोठमोठ्या थव्यांनी भटकतो. १८४० साली जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने जिवंत बजरीगर इंग्लंडमध्ये नेले आणि तेथून हा पक्षी जगभरच्या पिंजऱ्यांत पसरला. आपल्याकडील दुकानांत त्याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात. पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतील, वेगळ्या जातीचे. पाळीव बजरीगराचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम भरते.

कॅनरी हा पोपट नव्हे. तो फिंच कुळातील गाणारा पक्षी. अटलांटिक महासागरातील कॅनरी, मदीरा आणि अझोर्स या बेटांवर त्याचे पूर्वज आजही रानात राहतात. गंमत अशी, की पक्ष्याला नाव मिळाले बेटांवरून आणि बेटांना मिळाले ते कुत्र्याच्या लॅटिन नावावरून! कॅनरी बजरीगराहूनही हलका असतो. साधारण २० ग्रॅमचा.

दोघांच्या स्वभावातील फरक आधीच ध्यानात घ्यावा. बजरीगर थव्यात राहणारा. त्याला सोबत हवी असते आणि धीर धरला तर तो माणसाच्या बोटावर येऊन बसतो. कॅनरी सहसा अंगाखांद्यावर खेळत नाही. माणूस जवळ असताना तो निवांत खातो, न्हातो आणि गातो, एवढे झाले म्हणजे तो माणसाळला असे समजावे. कॅनरीला बोटावर बसवण्याचा हट्ट धरू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या रानातला हिरवा पोपट, म्हणजे आपला राघू, किंवा मुनिया, मैना यांसारखे देशी पक्षी पकडणे, विकणे आणि पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार गुन्हा आहे. या लेखात सांगितलेले सर्व काही पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेल्या बजरीगर आणि कॅनरी यांच्याविषयी आहे.

उष्णतेचा जमाखर्च

पक्ष्याचे शरीर आपल्यापेक्षा गरम असते. सुमारे ४१ अंश सेल्सिअस. ही उष्णता तो अन्नातून मिळवतो आणि कातडीवाटे सतत गमावतो. किती गमावतो ते पाहू या.

आकार सारखाच ठेवून एखादी वस्तू मोठी केली, तर तिचे क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि वस्तुमान घनाच्या प्रमाणात. म्हणून दर ग्रॅममागे येणारे क्षेत्रफळ लहान वस्तूला अधिक मिळते. समजा, विद्यार्थ्याचे वजन ५० किलोग्रॅम आणि बजरीगराचे ३५ ग्रॅम. वजनांचे गुणोत्तर सुमारे १४३० येते. त्याचे घनमूळ काढले तर साधारण ११. आकारातील फरक सोडून दिला, तर दर ग्रॅम वजनामागे बजरीगराची उघडी पडणारी कातडी तुमच्या अकरापट असते. जितके क्षेत्रफळ अधिक तितका उष्णतेचा खर्च अधिक. हा खर्च भरून काढायला त्याला दिवसभर थोडे थोडे खावेच लागते.

पिसे हा त्याचा स्वेटर. पिसे फुलवली की त्यांच्यात हवा अडकते, आणि हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे हे तुम्ही शिकलाच आहात. म्हणूनच पंख्याचा झोत नव्या पक्ष्याला घातक ठरतो. झोतामुळे पिसांतील ऊबदार हवेचा थर टिकत नाही. उलट उन्हाळ्यात दुसरी अडचण. पक्ष्याला घर्मग्रंथी नसतात, त्यामुळे घाम येऊन तो थंड होऊ शकत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे एवढेच उपाय त्याच्या हाती असतात. पिंजरा थेट उन्हात ठेवला आणि सावलीला सरकायला जागा नसली, तर थोड्या वेळात अनर्थ होतो.

खाणीतला पहारेकरी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने कोळशाच्या खाणींतील अपघातांचा अभ्यास केला. स्फोटानंतर खाणीत साचणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. तो ओळखण्यासाठी लहान प्राणी किंवा पक्षी सोबत न्यावेत, असे त्याने सुचवले. कॅनरीचा श्वसनाचा वेग मोठा, शरीर लहान. त्यामुळे विषारी वायूचा परिणाम तिच्यावर माणसाच्या कितीतरी आधी दिसे. कॅनरी दांडीवर डगमगू लागली, की खाणकामगार मागे फिरत. ब्रिटनमधील खाणींतून कॅनरीला निवृत्त करून तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणण्याचा निर्णय १९८६ साली जाहीर झाला.

पक्ष्यांच्या फुफ्फुसांना हवेच्या पिशव्यांची जोड असते आणि फुफ्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते. उड्डाणासाठी लागणारा प्राणवायू भरपूर मिळावा अशी ही रचना आहे. परंतु जी रचना प्राणवायू झटपट घेते, ती विषही तितक्याच झटपट घेते. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात कधीही ठेवू नये. न चिकटणारा लेप दिलेला तवा प्रमाणाबाहेर तापला, तर त्यातून निघणाऱ्या वाफांनी पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. त्याच खोलीत माणसाला कदाचित काही जाणवणारही नाही. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, फवारे, रंगाचा वास आणि दिवाळीचा धूर यांपासूनही त्याला दूर ठेवावे.

पक्षी हाती धरताना आणखी एक काळजी. त्याला आपल्यासारखा श्वासपटलाचा पडदा नसतो. छातीचे हाड पुढेमागे हलले तरच त्याचा श्वास चालतो. छातीभोवती मूठ आवळली, तर नाक-तोंड मोकळे असूनही तो गुदमरतो. लहान मुलांच्या हाती पक्षी देऊ नये, याचे हे कारण.

पहिले तीन दिवस

पक्षी आणण्यापूर्वी पिंजरा तयार ठेवावा. पिंजरा उंचीपेक्षा रुंदीला मोठा असावा, कारण पक्षी उडतो तो आडवा. गजांमधील फट १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. दांड्या एकाच जाडीच्या नसाव्यात. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या धुतलेल्या फांद्या उत्तम. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागलेली असावी, म्हणजे पक्ष्याला चारही दिशांना लक्ष ठेवावे लागत नाही. उंची माणसाच्या छातीइतकी तरी असावी. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यावर प्रत्येक जण वरून वाकतो, आणि शिकरा किंवा घार वरूनच झडप घालते!

पक्षी घरी आणताना भोके पाडलेल्या, झाकलेल्या खोक्यातून आणावा. खोक्याचे तोंड पिंजऱ्याच्या दाराशी लावून त्याला आपला आपण आत जाऊ द्यावे. दुकानात तो जे धान्य खात होता तेच पहिले काही दिवस द्यावे. वाटी दांडीजवळ ठेवावी, थोडे दाणे तळाशीही पसरावेत आणि दूर व्हावे. पहिल्या दिवशी शेजारीपाजारी, मित्रमंडळी कोणालाही दर्शनाला बोलावू नये.

आता एक लबाड गोष्ट. हे पक्षी दाणा सोलून खातात आणि फोलपट वाटीतच टाकतात. त्यामुळे वाटी काठोकाठ भरलेली दिसते आणि आत एकही दाणा नसतो. भरल्या वाटीसमोर उपाशी मेलेले पक्षी हा काही दंतकथेचा विषय नाही. रोज सकाळी वाटीवर हळूच फुंकर मारावी. फोलपटे उडाली तर पक्षी खातो आहे, हे कळले. खाली दाणे किती उरले, हेही कळले. पिंजऱ्याच्या तळाशी पांढरा कागद अंथरून विष्ठेचे ठिपके मोजावेत. ठिपके एकदम कमी झाले, तर पोटात अन्न जात नाही असे समजावे.

पुढे पक्षी थोडा रुळला, की एक ग्रॅमपर्यंत अचूक असलेल्या वजनकाट्यावर दांडी ठेवून त्याचे वजन घेता येते. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचे वजन ३ ते ४ ग्रॅमने घटले तर आपल्याला ते क्षुल्लक वाटते. पण ते त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके आहे. ५० किलोच्या विद्यार्थ्याचे वजन ५ किलोने घटल्यासारखे! अशा वेळी पशुवैद्यांकडे जाण्यास उशीर करू नये. थव्यातला अशक्त पक्षी भक्षकाच्या नजरेत भरतो, म्हणून पक्षी आपला आजार शक्य तितका लपवतात. तो दिसू लागतो तेव्हा तो बराच वाढलेला असतो.

पक्ष्याची अवस्था पिसांवरून वाचता येते. पिसे चापून, अंग बारीक करून बसला असेल तर भीती. दोन्ही पायांवर पिसे फुलवून, डोळे अर्धे मिटून दिवसा तासन्‌तास बसला असेल, श्वासागणिक शेपूट वरखाली होत असेल, तर थंडी किंवा आजार. एका पायावर उभा राहून चोचीने बारीक करकर आवाज करत असेल, पिसे विंचरत असेल, एक पंख आणि एक पाय एकदम ताणत असेल, तर तो निवांत आहे.

रात्री दहा ते बारा तास अंधार आणि शांतता हवी. पिंजऱ्यावर तीन बाजूंनी सुती कापड टाकावे आणि खोलीत अगदी मंद दिवा असू द्यावा. दचकून उठलेला पक्षी गडद अंधारात धडपडून स्वतःला इजा करून घेतो. पिंजरा स्वच्छ करताना कागद आधी ओलसर करावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पोपटवर्गीय पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस हा फुफ्फुसांचा रोग माणसाला होऊ शकतो. शाळेत पक्षी पाळणाऱ्या शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

हात जवळ येतो तेव्हा

पक्षी खाऊ-पिऊ लागला, आपल्यासमोर पिसे विंचरू लागला, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाकडे वळावे. पक्ष्याला हाताची भीती का वाटते? तुमचा हात वाईट आहे हे त्याला ठाऊक नसते. त्याच्या डोळ्यात एक प्रतिमा असते आणि ती मोठी होत जाते. मोठी होणारी प्रतिमा म्हणजे अंगावर येणारी वस्तू.

आपण ही वाढ मोजू या. तळहाताची रुंदी १० सें.मी. धरा. हात २ मीटरवर असताना तो पक्ष्याच्या डोळ्याशी सुमारे २.९ अंशांचा कोन करतो. आता हात दर सेकंदाला १० सें.मी. या ठराविक वेगाने पुढे न्या. एका सेकंदात कोन किती वाढतो ते पाहा :

२०० वरून १९० सें.मी. : सुमारे ०.१५ अंश
१०० वरून ९० सें.मी. : सुमारे ०.६ अंश
५० वरून ४० सें.मी. : सुमारे २.८ अंश
३० वरून २० सें.मी. : सुमारे ९.१ अंश

हाताचा वेग तोच, पाऊल तेच. पण २ मीटरवर जी वाढ होती तिच्या साठपट वाढ ३० सें.मी.वर होते. तुमच्या मते तुम्ही एकाच संथ गतीने हात नेला. पक्ष्याच्या दृष्टीने तो हात आधी रेंगाळला आणि शेवटी अंगावर तुटून पडला. 'मी इतका सावकाश हात नेला, तरी हा का फडफडतो?' या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर येथे आहे.

नियम असा मांडता येतो. लहान कोनांसाठी कोन हा हाताची रुंदी भागिले अंतर एवढा असतो. म्हणजे अंतर निम्मे झाले की कोन दुप्पट. आता त्यात १० सें.मी.च्या पावलाने भर किती पडते? पाऊल अंतराचा जितका हिस्सा असेल, साधारण तितक्याच हिश्श्याने कोन वाढतो. अंतर निम्मे झाले की तेच पाऊल दुप्पट हिस्सा होते. कोन दुप्पट आणि हिस्साही दुप्पट. म्हणून वाढ चौपट. थोडक्यात, प्रतिमा वाढण्याचा दर हा हाताच्या वेगाच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. प्रकाशाच्या तीव्रतेचा नियम शिकताना तुम्हाला हाच वर्ग भेटला होता.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. कॅनडातील वांग आणि फ्रॉस्ट या शास्त्रज्ञांनी १९९२ साली कबुतराच्या मेंदूत अशा चेतापेशी दाखवून दिल्या, की ज्या नेमक्या अंगावर येणाऱ्या वस्तूलाच प्रतिसाद देतात. पुढे १९९८ साली सुन आणि फ्रॉस्ट यांच्या प्रयोगांत असे दिसले, की यांपैकी काही पेशी प्रतिमा वाढण्याच्या दराचीच नोंद घेतात. म्हणजे आपण वर जो दर काढला, तो मोजण्याची सोय पक्ष्याच्या मेंदूत उपजत आहे.

यावरून माणसाळवण्याचा पहिला नियम मिळतो : अंतर निम्मे झाले, की वेग चौथाई करा. एक मीटरवर हात सेकंदाला २० सें.मी. नेला असेल, तर अर्ध्या मीटरवर तो ५ सें.मी.ने आणि पाव मीटरवर सव्वा सेंटिमीटरने न्यावा. हात खालून किंवा बाजूने न्यावा, वरून कधीही नेऊ नये.

हाच नियम आणखी पुढे ताणून पाहा. अंतर शून्याकडे जाऊ लागले, की वेगही शून्याकडे न्यावा लागतो. म्हणजे हात पक्ष्यापर्यंत कधी पोहोचतच नाही! आपले सोपे सूत्र लहान कोनांपुरतेच खरे आहे, हे गणितप्रेमी वाचकांच्या लक्षात आले असेल. अगदी जवळ ते थोडे बदलते. तरी त्याचा रोख बरोबर आहे. शेवटच्या वीतभर अंतराला हात थांबला पाहिजे, आणि ते अंतर पक्ष्याने कापले पाहिजे. हात स्थिर असताना पक्षी पुढे सरकला, तर प्रतिमा तेव्हाही वाढते. पण ती त्याच्या स्वतःच्या पावलाने वाढते आणि मागे सरकून ती लहान करणेही त्याच्याच हाती असते. भीती आणि कुतूहल यांत फरक पडतो तो येथे.

पक्ष्याने ते अंतर का कापावे? राळ्याच्या कणसासाठी! बजरीगराला राळ्याचे कणीस फार आवडते. कणसाचा लांब देठ धरून दार उघडून हात स्थिर ठेवावा आणि हळू आवाजात बोलत राहावे. तो टोकाचे दाणे खाऊ लागला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देठ थोडा आखूड करावा. अखेरीस कणीस बोटांच्या मागे असे धरावे, की दाणे खाण्यासाठी त्याला बोटावर पाय ठेवावा लागेल. काही पक्ष्यांना यासाठी आठवडा लागतो, काहींना दोन-तीन महिने.

हात मागे केव्हा घ्यावा?

हात पुढे नेण्याइतकेच महत्त्व तो मागे घेण्याला आहे. समजा, हात जवळ येताच पक्षी फडफडला आणि तुम्ही घाबरून हात झटकन काढला. पक्ष्याने काय शिकले? फडफडले की संकट टळते! उद्या तो आधीपासूनच फडफडेल. आता उलट करा. त्याने मान ताठ केली, खाणे थांबवले, एवढी पहिली खूण दिसताच हात आहे तेथेच थांबवा. थोड्या वेळाने पिसे सैल झाली, त्याने पुन्हा चोच हलवली, की मग हात सावकाश मागे घ्या. या वेळी तो शिकला, की शांत राहिले की संकट टळते. हात एकच, जाणे-येणे एकच. क्षण बदलला आणि धडा उलटा झाला.

पक्षी आधीच फडफडू लागला असेल, तर हात स्थिर ठेवून तो थोडा सावरेपर्यंत थांबावे, मग हात काढावा आणि पुढच्या वेळी बऱ्याच लांबून सुरुवात करावी. एका बैठकीला पाच-दहा मिनिटे पुरेत; अशा दोन-तीन बैठका दिवसातून घ्याव्यात. जाळीने पकडणे, हातमोजे घालून धरून ठेवणे, पंख कापून 'माणसाळवणे' हे उपाय पक्ष्याला फक्त गोठून बसायला शिकवतात. गोठणे म्हणजे शांत होणे नव्हे, हे आपण सुरुवातीलाच पाहिले.

करून पाहा : अंतराची नोंदवही

साहित्य : मोजपट्टी, खडू, वही, आलेखाचा कागद. पक्षी तीन दिवस नीट खात असेल तरच प्रयोग सुरू करावा.

कृती : (१) पिंजऱ्यापासून ३ मीटरपर्यंत जमिनीवर दर २० सें.मी.ला खडूने खूण करा. (२) रोज ठराविक वेळी, एकाच रंगाचे साधे कपडे घालून एकाच विद्यार्थ्याने सर्वांत लांबच्या खुणेपासून सुरुवात करावी. प्रत्येक खुणेवर दहा सेकंद थांबावे. (३) पक्ष्याने खाणे थांबवले, अंग बारीक केले किंवा तो मागे झुकला, की तेथेच थांबा. हे झाले त्या दिवसाचे 'सावध अंतर'. वहीत लिहा आणि हळूहळू मागे फिरा. पुढे जाऊन पक्षी फडफडेपर्यंत पाहणे हा प्रयोगाचा भाग नाही. (४) आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर सावध अंतर घेऊन आलेख काढा.

आलेख एकंदरीत उतरता येईल, परंतु सरळ रेषेत नव्हे. पाहुणे आले, शेजारी फटाके वाजले, टोपी घालून कोणी आले, की अंतर पुन्हा वाढेल. त्यात निराश होण्यासारखे काही नाही. भीती मेंदूतून पुसली जात नाही. तिच्यावर नव्या अनुभवाचा थर बसतो आणि धक्का बसला की जुना थर काही काळ उघडा पडतो. दुसऱ्या विद्यार्थ्याने प्रयोग केला तर अंतर किती येते, हेही मोजा. पक्षी माणसांना वेगवेगळे ओळखतो का, याचे उत्तर तुमच्याच वहीत मिळेल.

पिंजऱ्याबाहेरचे पहिले उड्डाण

बजरीगर बोटावर बसू लागला, की त्याला खोलीत उडू द्यावे. त्यापूर्वी छताचा पंखा बंद, दारे-खिडक्या बंद, पाण्याच्या बादल्या झाकलेल्या आणि घरातील मांजर बाहेर, एवढी खात्री करावी. खिडक्यांचे पडदे ओढावेत आणि आरसे झाकावेत.

पडदे कशासाठी? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बजरीगरांना अरुंद बोळातून उडवले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असे दिसले, की दोन्ही बाजूंच्या भिंतींवरील पट्टे डोळ्यांसमोरून मागे सरकण्याचा वेग दोन्ही डोळ्यांत सारखा राहील, अशा बेताने पक्षी मार्ग निवडतो. धावत्या गाडीतून जवळचे खांब झपाट्याने मागे पळतात आणि दूरचा डोंगर सावकाश सरकतो, तेच तत्त्व. स्वच्छ काचेवर मागे सरकणारे काहीच नसते. तिच्यापलीकडचे झाड मात्र दूर आणि मोकळे दिसते. मग पक्षी पूर्ण वेगाने काचेवर आदळतो. पडदा ओढला, की काचेची भिंत होते आणि ती त्याला दिसते.

कॅनरीचे मौन

कॅनरी आणून आठवडे उलटले तरी ती गात नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुधा गाणे हे नराचे काम, हे प्रथम ध्यानात घ्यावे. नवी जागा, पिसे झडण्याचा काळ आणि रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे, यांमुळे नरही गप्प होतो. त्याचे गाणे ऋतूशी आणि दिवसाच्या लांबीशी बांधलेले आहे. अमेरिकेतील रॉकफेलर विद्यापीठात फर्नांडो नॉटेबोम यांनी दाखवले, की नर कॅनरीच्या मेंदूतील गाण्याची केंद्रे वसंतात मोठी होतात आणि हंगाम संपल्यावर आक्रसतात. १९८३ साली गोल्डमन आणि नॉटेबोम यांनी प्रौढ कॅनरीच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात, असे प्रसिद्ध केले. वाढ पूर्ण झालेल्या मेंदूत नव्या पेशी येत नाहीत, या त्या काळच्या समजुतीला या गाणाऱ्या पक्ष्याने मोठा धक्का दिला. तेव्हा कॅनरी गप्प असेल तर तिला दोष देऊ नये. रात्रीचा अंधार पाळावा आणि वाट पाहावी. दोन नर एका पिंजऱ्यात मात्र ठेवू नयेत, ते भांडतात.

हात आखडता घेणे

काही पक्षी कधीच बोटावर येत नाहीत. त्यांचे सावध अंतर वीतभर उरते आणि तेथेच थांबते. असा पक्षी खातो, न्हातो, जोडीदाराशी गप्पा मारतो, तर तो आपल्या घरात सुखाने राहतो आहे. उरलेले वीतभर अंतर त्याचे आहे आणि ते त्याच्याकडेच असू द्यावे.

कंटाळा आला किंवा दया आली म्हणून त्याला आकाशात सोडून देणे हा मात्र उपाय नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या वाटीतले दाणे खाल्लेल्या या परदेशी पक्ष्याला आपल्याकडील कावळे, घारी, पाऊस आणि भूक यांची ओळख नसते. बहुतेक वेळा तो थोड्या दिवसांत मरतो. पाळायचे असेल तर तो जगेल तितकी वर्षे पाळावे लागते. चांगल्या निगेत बजरीगर सात-आठ वर्षे आणि कॅनरी जवळजवळ दहा वर्षे जगू शकते. आज दहावीत असलेला विद्यार्थी तोवर शिकून नोकरीला लागलेला असेल! तेव्हा पक्षी आणण्यापूर्वी हा हिशोबही वहीत मांडावा.

विचार करा

(१) हाताऐवजी २ सें.मी. रुंदीचे एकच बोट पुढे केले, तर त्याच अंतरावर आणि त्याच वेगाने प्रतिमा वाढण्याचा दर किती पट होईल? यावरून सुरुवात बोटाने करावी की पंजाने?
(२) पिंजरा लहान केला, तर पक्ष्याला मागे सरकण्यास जागा उरत नाही. लहान पिंजऱ्यातला पक्षी लवकर 'माणसाळतो' असे काही जण म्हणतात. त्यांना नेमके काय दिसते?
(३) २० ग्रॅमची कॅनरी आणि ३५ ग्रॅमचा बजरीगर यांपैकी दर ग्रॅम वजनामागे उष्णता कोण अधिक गमावेल आणि किती पट?